कार्ब्युरेटरची सद्दी कशी संपली

पेट्रोल जळते असे आपण व्यवहारात म्हणतो. परंतु मोटारीच्या इंजिनात जळते ते द्रवरूप पेट्रोल नव्हे, तर हवेत मिसळलेली त्याची वाफ होय, आणि हे मिश्रण नेमक्या प्रमाणात जमून यावे यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे अभियंत्यांनी जी खटपट केली तिचाच हा इतिहास आहे. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. आकारमानाच्या भाषेत बोलावयाचे तर एका लिटर पेट्रोलला नऊ हजार लिटरांहून अधिक हवा पुरवावी लागते. हवा कमी पडली तर अर्धवट ज्वलनाने कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू व न जळालेली हायड्रोकार्बने धुराड्यावाटे बाहेर पडतात. हवा फार झाली तर इंजिन अडखळते. त्यात भर अशी की, इंजिनाची गरज क्षणाक्षणाला पालटते. पहाटेच्या गारठ्यात सुरू होताना त्याला दाट मिश्रण हवे असते, सपाट रस्त्यावर संथपणे धावताना विरळ चालते, आणि घाट चढताना चालकाने पाय दाबला की पुन्हा दाट लागते.

हे अवघड काम जवळजवळ शतकभर कार्ब्युरेटर या पितळी वा अ‍ॅल्युमिनियमच्या लहानशा पात्राने सांभाळले. जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने १८९३ साली फवारा उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला, आणि पुढे त्यात शेकडो सुधारणा झाल्या तरी मूळ तत्त्व तेच राहिले. नदीचे पात्र जेथे अरुंद होते तेथे जसा पाण्याला वेग येतो, तसा कार्ब्युरेटरच्या आवळलेल्या गळ्यात हवेला वेग येतो, तेथील दाब उतरतो, आणि शेजारच्या फ्लोटच्या कोठीतील पेट्रोल बारीक जेटमधून ओढले जाऊन त्या झोतात विखुरते. विजेची गरज नाही, किंमत माफक, आणि बिघाड झालाच तर आडगावचा मिस्त्रीदेखील जेट काढून, फुंकून, पुन्हा बसवून गाडी मार्गी लावू शकतो. या गुणांपुढे त्याचे दोष दीर्घकाळ क्षम्य ठरले. थंडीत पेट्रोलचे थेंब नळीच्या भिंतींना चिकटून राहत, म्हणून चोक ओढून मिश्रण मुद्दाम दाट करावे लागे. एकाच मुखातून चार-सहा सिलिंडरांना वाटणी होताना जवळच्याला अधिक व दूरच्याला कमी मिळे. आणि उंच डोंगरी मुलुखात हवा विरळ झाली की सगळाच हिशेब चुके.

इंधन ओढून घेण्याऐवजी ते पंपाच्या दाबाने मोजून आत सोडावे, ही अंतःक्षेपणाची कल्पना काही नवी नव्हती. डिझेल इंजिनाला तिच्यावाचून गत्यंतरच नव्हते, आणि श्टुटगार्टच्या बॉश कंपनीने १९२७पासून डिझेलसाठी असे पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास प्रारंभ केला होता. पेट्रोल इंजिनातील तिचे सामर्थ्य जगाला दिसले ते मात्र युद्धाच्या आकाशात. १९४०च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर झालेल्या हवाई संग्रामात जर्मन मेसरश्मिट विमानांच्या डाइमलर-बेंझ इंजिनात अंतःक्षेपणाची योजना होती, तर ब्रिटिश स्पिटफायर व हरिकेन विमानांच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनावर फ्लोटचा कार्ब्युरेटर होता. जर्मन वैमानिकाने विमानाचे नाक एकाएकी खाली दाबून सूर मारला की पाठलाग करणाऱ्या ब्रिटिश विमानाच्या कार्ब्युरेटरातील पेट्रोल वर उसळे, आणि इंजिन ऐन मोक्याच्या क्षणी गुदमरे. फार्नबरो येथील शासकीय विमान-संशोधन संस्थेतील बिअ‍ॅट्रिस शिलिंग या अभियंता महिलेने १९४१ साली इंधनाच्या मार्गात एक छिद्रयुक्त लहान चकती बसवून या दोषावर तात्पुरता परंतु परिणामकारक तोडगा काढला.

युद्धोत्तर काळात हीच विद्या मोटारींकडे वळली. १९५४ साली मर्सिडीझ-बेंझची '३०० एसएल' ही पंखांप्रमाणे वर उघडणाऱ्या दारांची देखणी गाडी बॉशच्या यांत्रिक अंतःक्षेपणासह विक्रीस आली आणि वेगाच्या भोक्त्यांनी तिचे कौतुक केले. तथापि तो पंप अतिशय सूक्ष्म मापाने घडविलेला व म्हणून महाग होता. शिवाय प्रज्वलन बंद केल्यावरही इंजिन फिरायचे थांबेपर्यंत तो पेट्रोल सोडीतच राही आणि ते सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन नेई. श्रीमंतांच्या शर्यतीच्या गाडीला ही योजना शोभली. सामान्य कुटुंबाच्या गाडीला ती परवडणारी नव्हती.

पोलादी पंपाने मापण्याऐवजी विजेने मापावे, हा विचार याच सुमारास अमेरिकेत बेंडिक्स कंपनीत रुजला. त्यामागील युक्ती साधी पण मूलगामी होती: पेट्रोलचा दाब कायम ठेवावा, प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी विद्युत्-चुंबकाने उघडणारी एक बारीक झडप बसवावी, आणि ती किती वेळ उघडी राहते एवढ्यावरूनच इंधनाचे माप ठरवावे. झडप दुप्पट वेळ उघडी राहिली तर पेट्रोल दुप्पट. अशा रीतीने पदार्थ मापण्याचा प्रश्न काळ मापण्याच्या प्रश्नात रूपांतरित झाला, आणि काळ मापण्याच्या कामी वीज पोलादापेक्षा कितीतरी चपळ आहे. 'इलेक्ट्रोजेक्टर' या नावाने ही योजना १९५७ साली अमेरिकन मोटर्सच्या रॅम्बलर रेबेल गाडीसाठी जाहीर झाली. पण चाचणीच्या गाड्या थंडीत सुरू होताना त्रास देऊ लागल्या आणि रेबेल गिऱ्हाइकाच्या हाती आली ती कार्ब्युरेटर घेऊनच. पुढच्या वर्षी क्रायस्लर कंपनीने तीनशे-डी, डिसोटो अ‍ॅडव्हेंचरर आदी गाड्यांवर ती देऊ केली. अशा गाड्या जेमतेम पस्तीसच्या घरात तयार झाल्या, आणि त्यांतील बहुतेकांवर नंतर कार्ब्युरेटरच चढविण्यात आले.

हे अपयश कल्पनेचे नव्हते. कल्पना निर्दोष होती. अपयश होते ते साहित्याचे. इंजिनाजवळची उष्णता, रस्त्याचे हादरे व ओलावा यांना तोंड देऊ शकतील असे विद्युत् भाग त्या काळी स्वस्तात मिळत नव्हते. ट्रान्झिस्टरचा शोध लागून जेमतेम दहा वर्षे झाली होती. आणि दुसरे कारण त्याहूनही निर्णायक होते: त्या योजनेची कोणालाच निकड नव्हती. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होते, गाड्या अवाढव्य होत्या, आणि धुराड्यातून काय बाहेर पडते याची विचारणा करणारा कायदा अस्तित्वात नव्हता. काम भागते आहे तोवर महाग व लहरी यंत्र कोण पत्करील?

ती निकड उत्पन्न करणारे संकट मात्र लॉस एंजलिसच्या आकाशात आधीच आकार घेत होते. २६ जुलै १९४३ रोजी त्या शहरावर एक दाट, डोळ्यांना झोंबणारे सावट उतरले; थोड्या अंतरावरचे दिसेनासे झाले, घसे खवखवू लागले, आणि युद्धाचे दिवस असल्यामुळे जपानने विषारी वायूचा हल्ला केला की काय, अशी शंकाही लोकांच्या मनात आली. प्रथम एका कृत्रिम रबराच्या कारखान्यावर ठपका ठेवण्यात आला. तो बंद करूनही सावट हटेना. त्या कोड्याचा उलगडा आरी हागन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने केला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अननसाच्या स्वादाचे पृथक्करण करणाऱ्या या गृहस्थाने आपली उपकरणे शहराच्या हवेकडे वळविली, आणि १९५०च्या सुमारास असे सिद्ध केले की, मोटारी व तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांतून बाहेर पडणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन व इतर दाहक द्रव्ये निर्माण होतात. म्हणजे जे शहर आपल्या लखलखीत उन्हाबद्दल व असंख्य मोटारींबद्दल अभिमान बाळगीत होते, त्याला त्या दोहोंच्या संयोगानेच ग्रासले होते.

मोटार-उत्पादकांनी हा निष्कर्ष सहजासहजी स्वीकारला नाही. त्यांनी प्रदूषण-नियंत्रक साधने आणण्यात परस्परसंगनमताने दिरंगाई केली, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या न्यायखात्याने १९६९ साली त्यांच्याविरुद्ध दावा दाखल केला आणि तो तडजोडीच्या हुकूमनाम्याने निकालात निघाला. पण तोपर्यंत कॅलिफोर्निया राज्याने आपला मार्ग आखला होता. १९६६च्या मॉडेलांपासून धुराड्यातील हायड्रोकार्बने व कार्बन मोनॉक्साइड यांवर राज्याने मर्यादा घातली, १९६८पासून तशाच मर्यादा सर्व देशास लागू झाल्या, आणि १९६७ साली स्थापन झालेल्या राज्याच्या हवा-संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्षपद खुद्द हागन-स्मिट यांच्याकडे आले.

या हुकमांचा पडसाद अटलांटिकपलीकडे तत्काळ उमटला. जर्मनीच्या फोक्सवागन कंपनीचा फार मोठा व्यापार अमेरिकेवर अवलंबून होता. बॉश कंपनीत इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपणाचे काम आधीपासून चालू होते. हेर्मान शोल हे तरुण अभियंता त्यात अग्रभागी होते, तेच कालांतराने त्या कंपनीचे प्रमुख झाले. बेंडिक्सच्या पेटंटांचाही या कामी उपयोग झाला. सप्टेंबर १९६७मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार-प्रदर्शनात 'डी-जेट्रॉनिक' ही योजना सादर झाली, आणि ती मिरविण्याचा मान कोणत्या राजेशाही गाडीला नव्हे, तर फोक्सवागन १६०० या साध्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या कुटुंबवत्सल गाडीला मिळाला. शर्यतीसाठी आलेली विद्या कायद्याच्या पालनासाठी सामान्यांच्या दारात आली.

या योजनेची रचना समजून घेणे अगत्याचे आहे, कारण आजच्या गाडीतील व्यवस्थाही तत्त्वतः तीच आहे. विजेचा पंप टाकीतून पेट्रोल ओढून एका नळीत सुमारे दोन वातावरणांच्या दाबाने खेळते ठेवी, आणि दाबनियंत्रक जादा झालेले पेट्रोल टाकीकडे परत धाडी. त्या नळीला प्रत्येक सिलिंडरच्या प्रवेशद्वाराशी एकेक इंजेक्टर जोडलेला असे. त्याच्या आत एक सुई, तिला बंद ठेवणारी स्प्रिंग आणि तिला मागे खेचणारे तारेचे वेटोळे. वेटोळ्यात विद्युत्प्रवाह आला की सुई मिलिमीटरच्या अल्पशा अंशाने मागे सरे, पेट्रोलचा फवारा सिलिंडरच्या प्रवेश-झडपेच्या तोंडावर पडे, आणि सेकंदाच्या काही सहस्रांशांत सारे आटोपे. सुई केव्हा हलवावी हे ठिणग्या वाटणाऱ्या वितरकातील संपर्कबिंदू सांगत. किती वेळ उघडी ठेवावी हे ट्रान्झिस्टरांनी भरलेली एक पेटी ठरवी. हवा किती आत येत आहे याचा अंदाज ती पेटी प्रवेशनळीतील दाबावरून बांधी: निर्वात केलेल्या धातूच्या डब्या दाबानुसार फुगत वा आकसत, त्यांच्याबरोबर एक लोखंडी गाभा वेटोळ्यात मागेपुढे सरके, आणि त्याने बदललेल्या विद्युत्-गुणधर्मावरून मूळ माप ठरे. त्या मापात इंजिनाच्या व हवेच्या तापमानानुसार दुरुस्ती होई; थंडीत सुरुवातीस जास्तीचे पेट्रोल देण्यासाठी स्वतंत्र झडप असे; आणि चालकाने पाय एकाएकी दाबला याची वर्दी थ्रॉटलवरील एक स्विच देई. प्रत्येक फेरीला या साऱ्या बाबींचा विचार करून निर्णय करणे कोणत्याही जेटच्या वा फ्लोटच्या आवाक्यातले नव्हते.

लौकरच व्होल्वो, साब, सिट्रोएन, मर्सिडीझ आणि पोर्शे यांच्या निवडक गाड्यांवर ही योजना दिसू लागली. १९७३ साली आलेल्या 'एल-जेट्रॉनिक'ने दाबावरून अंदाज बांधण्याऐवजी आत येणारी हवा एका हलत्या पडद्याने प्रत्यक्ष मापण्यास आरंभ केला. त्याच वर्षीच्या शरदात अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली, अमेरिकेत पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या, आणि १९७५च्या कायद्याने मोटार-कंपन्यांवर दर गॅलनमागे धावणाऱ्या मैलांचा सरासरी हिशेबही लादला. काटकसर आणि स्वच्छता या दोन मागण्या एकाच वेळी उभ्या ठाकल्या.

त्याआधीच, ३१ डिसेंबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी शुद्ध हवेच्या सुधारित कायद्यावर स्वाक्षरी केली होती. हायड्रोकार्बने व कार्बन मोनॉक्साइड १९७५पर्यंत नव्वद टक्क्यांनी घटली पाहिजेत, नायट्रोजनच्या ऑक्साइडांनाही त्यानंतर वर्षभरात तोच दंडक लागू व्हावा, असा त्याचा आशय होता. हे अशक्य आहे अशी हाकाटी उत्पादकांनी केली आणि मुदती अनेकदा वाढविण्यात आल्या. परंतु कायद्याने उद्दिष्ट सांगितले होते, साधन नव्हे, ही त्याची दूरदृष्टी होती. जपानच्या होंडा कंपनीने कार्ब्युरेटर कायम ठेवून, ज्वलनकक्षाच्याच रचनेत पालट करून १९७५ची मर्यादा गाठून दाखविली. इतरांनी धुरातील विषारी वायूंना निरुपद्रवी वायूंत पालटणारा उत्प्रेरक परिवर्तक धुराड्यात बसविला, आणि शिसे त्यातील प्लॅटिनमला निकामी करते म्हणून पेट्रोलमधून शिसे हटविण्याची प्रक्रियाही सुरू झाली. मुलांच्या मेंदूला घातक अशा त्या धातूचे उच्चाटन, हा या प्रकरणाचा एक मोठाच उपकारक परिणाम मानला पाहिजे.

मात्र तिन्ही विषारी घटक एकाच वेळी नष्ट करणाऱ्या त्रिमार्गी परिवर्तकाची अट कठोर होती: हवा व पेट्रोल यांचे प्रमाण १४.७च्या अगदी निकट राहिले तरच त्यातील प्लॅटिनम व ऱ्होडियम तिन्ही कामे करीत. प्रमाण जरा ढळले की एक ना एक काम बिघडे. एवढी अचूकता कार्ब्युरेटरला तर नव्हेच, पण केवळ पूर्वअंदाजावर चालणाऱ्या अंतःक्षेपणालाही साधणारी नव्हती. ती साधली बॉशच्या लॅम्डा संवेदकाने, जो १९७६ साली कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्वो गाड्यांवर प्रथम आला. झिर्कोनियाच्या चिनीमातीसारख्या कांडीला प्लॅटिनमचा लेप देऊन ती धुराड्यात बसविलेली असते. तिच्या एका बाजूस बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूस तप्त धूर. धुरात प्राणवायू उरला असेल तर ती जेमतेम दशांश व्होल्ट दाब देते, उरला नसेल तर व्होल्टच्या आठ-नऊ दशांशांपर्यंत. या इशाऱ्यावरून नियंत्रक पेटी मिश्रण क्षणात विरळ, क्षणात दाट करीत त्याला आदर्श प्रमाणाभोवती खिळवून ठेवते. आपल्या कृत्याचा परिणाम पाहून पुढची कृती सुधारणे ही विवेकाची खूण. ती या क्षणापासून इंजिनाच्या अंगी आली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील खरी संक्रमणरेषा हीच होय.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९७९ साली बीएमडब्ल्यू ७३२आय गाडीवर आलेल्या 'मोट्रॉनिक'मध्ये पेट्रोलचे माप व ठिणगीची वेळ ही दोन्ही खाती एकाच सूक्ष्मसंगणकाकडे सोपविण्यात आली. अर्धवट मार्ग म्हणून काही कंपन्यांनी विजेवर चालणारे कार्ब्युरेटर काढून पाहिले. ते गुंतागुंतीचे ठरले आणि टिकले नाहीत. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला.

आपल्याकडे मात्र त्याची सद्दी अबाधित होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी चोक ओढूनच सुरू होत असे, आणि मारुती ८००नेही आपली पहिली दीड दशके कार्ब्युरेटरवरच काढली. एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना परिवर्तक व शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले; पण कार्ब्युरेटरवरील गाडीला बसविलेला परिवर्तक आपले पुरे सामर्थ्य दाखवू शकत नाही, हे वरील विवेचनावरून ध्यानी येईल. निर्णायक आघात झाला तो न्यायालयाकडून. विधिज्ञ एम. सी. मेहता यांनी १९८५ साली दाखल केलेल्या अर्जाच्या अनुषंगाने सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी असा हुकूम दिला की, राजधानी परिसरात १ जून १९९९पासून युरोपीय प्रदूषण-मानकांपैकी युरो-एकच्या व १ एप्रिल २०००पासून युरो-दोनच्या दर्जाच्याच खासगी गाड्यांची नोंदणी व्हावी. कंपन्यांना मुदत मिळाली ती महिन्यांची. आणि पाहता पाहता लहान गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेले अंतःक्षेपण) ही अक्षरे झळकू लागली. त्यानंतर डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशव्यापी वाहन-इंधन धोरणाचा टप्प्याटप्प्याचा आराखडा दिला. मुंबई-पुण्यास व पुढे सोलापुरासही त्यातील कठोर मानके देशाच्या इतर भागांआधी लागू झाली, आणि या गाड्यांची पारख करण्यात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनचा मोठा वाटा राहिला. १ एप्रिल २०२० रोजी भारत टप्पा-सहाची मानके अमलात आल्यावर बहुसंख्य दुचाकींवरही इंजेक्टर आला.

या स्थित्यंतराचा जमाखर्च प्रामाणिकपणे मांडावयाचा तर खर्चाची बाजूही नोंदली पाहिजे. जेट फुंकून गाडी चालू करणाऱ्या हजारो मिस्त्रींचे हस्तकौशल्य एका पिढीत निरुपयोगी झाले; दुरुस्ती महागली, आणि ती निदानयंत्र बाळगणाऱ्या मोठ्या कार्यशाळांकडे झुकली. शिवाय परिवर्तक विषारी वायू नाहीसे करतो, कार्बन डायऑक्साइड नाही. आणि एकेक गाडी स्वच्छ झाली तरी गाड्यांची संख्या बेसुमार वाढल्याने शहरांची सुटका झालेली नाही. तरीही जमेची बाजू निःसंशय वजनदार आहे: त्याच पेट्रोलमध्ये अधिक अंतर, थंडीत विनासायास सुरुवात, आणि परिवर्तकाच्या जोडीने धुराड्यातील विषाची अशी घट, जी १९७०च्या उत्पादकांनी असाध्य ठरविली होती.

इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपणाची मूळ युक्ती १९५७ साली पूर्णपणे ज्ञात होती. तिचे चालते-बोलते रूप १९६७ साली सामान्य गाडीत उपलब्ध होते. आणि भारतातील सामान्य गाडीत ती सरसकट आली २०००च्या आगेमागे. मधली तेहतीस वर्षे विद्या नव्हती म्हणून गेली नाहीत. स्वस्त गाडीची चिंता होती, संरक्षित बाजारपेठ होती, आणि शुद्ध हवा हा आपला हक्क आहे अशी मागणी पुरेशा जोराने कोणी केली नव्हती. ज्या दिवशी न्यायासनासमोर ठामपणे मांडलेली ती मागणी मान्य झाली, त्यानंतर वर्षभराच्या आत यंत्र हजर झाले. यंत्रे शोधणे हे अभियंत्यांचे काम आहे, ती वेळेवर मागणे हे नागरिकांचे. आणि आज आपल्या शहरांच्या हवेविषयी जे काही साध्य व्हावयाचे आहे, तेही नागरिकांनी ठाम मागणी केल्यावाचून होणार नाही.